विश्लेषण : शिशाच्या गोळीचे बूड पोकळ कशासाठी? कॅप्टन मिनिए यांच्या शोधाची गोष्ट

काडतुसांना गाय आणि डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने १८५७ चा भडका उडाला, हे शाळेच्या इतिहासात प्रत्येकाने वाचलेले असते. पण मुळात बंदुकीच्या गोळीला चरबी लावायची गरजच का पडली, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधत गेले की आपण पॅरिसमध्ये जन्मलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतो. क्लोद-एत्येन मिनिए हे त्यांचे नाव. इंग्रज आणि अमेरिकी सैनिकांनी या नावाचे मिनी केले आणि त्यांची गोळी मिनी बॉल म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. प्रत्यक्षात ती मिनीही नव्हती आणि बॉलही नव्हती. अंगठ्याएवढी जाड, पुढे निमुळती आणि मागून पोकळ अशी ती शिशाची गोळी होती.

कोण होते मिनिए?

मिनिए यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८०४ चा. म्हणजे नेपोलियन सम्राट झाला त्याच वर्षीचा. तरुणपणी ते फ्रेंच सैन्यात दाखल झाले आणि शास्यूर म्हणजे हलक्या पायदळाबरोबर आफ्रिकेतील अनेक मोहिमांत लढले. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर आक्रमण केले होते आणि तिथला प्रतिकार पुढे कित्येक वर्षे चालला. टेकड्यांच्या आडून लांब नळीच्या बंदुकांनी अचूक नेम धरणारे स्थानिक लढवय्ये आणि शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका घेतलेले फ्रेंच शिपाई, असा तो सामना होता. त्यातून फ्रेंच लष्करात लांब पल्ल्याच्या रायफलीची निकड वाढली. मिनिए कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले ते याच काळात.

अडचण नेमकी काय होती?

रायफल तेव्हा नवी नव्हती. नळीच्या आत पेचदार खाचा कोरल्या की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते, हे युरोपातील शिकाऱ्यांना काही शतके आधीपासून ठाऊक होते. अडचण भरण्याची होती. बंदूक ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून आत घालायची. खाचांनी गोळीला पकडायचे तर गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. आणि घट्ट गोळी तोंडातून आत लोटायची तर गज आणि प्रसंगी लाकडी मोगरी घेऊन ठोकत बसावे लागे. त्यात काळ्या दारूचा स्वभाव असा, की जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राख आणि क्षारांच्या रूपात मागे उरतो. चार-पाच बार झाले की नळीत कडक काजळी बसते आणि पुढची गोळी अर्ध्यातच अडकते.

शिकाऱ्याला हे परवडत होते. समोरून घोडदळ येत असताना शिपायाला परवडणारे नव्हते. साध्या बंदुकीत सैल गोळी टाकून मिनिटाला तीन बार काढता येत. रायफलीला एकेका बारासाठी मिनिटभर लागे. त्यामुळे रायफल मोजक्या निवडक तुकड्यांकडे आणि बाकी सगळे सैन्य गुळगुळीत नळीवर, अशी विभागणी जवळपास सर्वच देशांत होती.

थोडक्यात, गोळी आत जाताना सैल आणि बाहेर पडताना घट्ट हवी होती. एकच वस्तू दोन मापांची.

उत्तर कुणाला सुचले?

इथे श्रेयाचा गुंता सुरू होतो. फ्रान्समध्ये हेन्री-गुस्ताव देल्व्हिन्य या अधिकाऱ्याने १८२६ च्या सुमारास नळीच्या तळाशी अरुंद कोठी ठेवली. सैल गोळी कोठीच्या काठावर जाऊन बसे आणि गजाचे दोन-तीन तडाखे दिले की शिसे चेपून खाचांत शिरे. युक्ती चालली, पण गोळी वेडीवाकडी होई आणि नेम चुके. मग कर्नल थूव्हनँ यांनी नळीच्या तळाशी पोलादी खुंटी बसवली. खुंटीभोवती दारू आणि तिच्या टोकावर गोळी ठेवून ठोकायची. ही रायफल १८४६ मध्ये फ्रान्सने स्वीकारलीही. पण खुंटी वाकायची, तिच्याभोवतीची काजळी साफ करणे हे शिपायांच्या दृष्टीने शिक्षाच होती. तामिझिए या अधिकाऱ्याने गोळीच्या अंगावर आडव्या खाचा पाडून तिचे उड्डाण स्थिर केले. या खाचा पुढे वंगण धरून ठेवण्यासाठीही उपयोगी पडल्या.

मिनिए यांनी हा ठोकाठोकीचा मार्ग सोडला. १८४९ पर्यंत त्यांनी सिद्ध केलेल्या गोळीच्या बुडात शंकूच्या आकाराची पोकळी होती आणि त्या पोकळीच्या तोंडाशी लोखंडी पत्र्याची छोटी वाटी बसवलेली होती. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे ती साध्या बंदुकीच्या गोळीसारखी सहज आत सरके. बार उडाला की दारूचा दाब प्रथम त्या हलक्या वाटीला पुढे रेटी, वाटी पाचरीसारखी पोकळीत घुसे आणि मऊ शिशाचा पातळ घेर बाहेर फाकून खाचांत दाबला जाई. जे काम शिपाई गजाने करत होता ते आता दारूच करू लागली, तेही कोणताही वेळ न घेता.

फुगणाऱ्या बुडाची कल्पना मात्र त्यांना पहिल्यांदा सुचली असे म्हणता येत नाही. ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी पोकळ बुडाची गोळी मिनिए यांच्या बरीच आधी मांडली होती. त्या कल्पनेचे मूळ दक्षिण भारतात असल्याचे सांगितले जाते. तिथले शिकारी फुंकनळीतून जे बाण मारत, त्यांच्या मागे कमळाच्या देठाचा मऊ गाभा बसवलेला असे. फुंकर मारली की तो फुगून नळी बंद करी, आणि ते पाहून नॉर्टन यांना गोळीचे सुचले, अशी ही हकीकत आहे. बर्मिंगहॅमचे बंदूक कारागीर विल्यम ग्रीनर यांनीही १८३६ मध्ये पाचर बसवलेली फुगणारी गोळी करून दाखवली होती. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी दोघांनाही परत पाठवले.

पैसे मिळाले कुणाला?

फ्रेंच सरकारने मिनिए यांना २० हजार फ्रँकचे बक्षीस दिले आणि व्हँसेन येथील लष्करी नेमबाजी शाळेत नेमणूक दिली. ब्रिटनने त्यांच्या पेटंटसाठी मोजले २० हजार पौंड. तेव्हा एका पौंडाला साधारण २५ फ्रँक पडत. म्हणजे मायदेशाने जे दिले त्याच्या जवळपास पंचवीसपट रक्कम त्यांना अशा देशाकडून मिळाली, ज्याने तीच कल्पना घरच्या माणसाकडून फुकटात घ्यायला नकार दिला होता. ग्रीनर गप्प बसले नाहीत. त्यांनी पाठपुरावा केला आणि १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एक हजार पौंड देऊन त्यांचा दावा एका अर्थाने मान्य केला. नॉर्टन यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

मिनिए यांच्यावर चोरीचा आरोप करावा असा पुरावा दिसत नाही. त्यांच्यासमोर देल्व्हिन्य आणि तामिझिए यांचे काम होते आणि त्यांनी ते वापरात आणण्याजोगे केले. खरे तर त्यांच्या गोळीतही दोष होते. वाटी कधी कधी इतक्या जोरात घुसे की गोळीचे डोके उडून जाई आणि शिशाचे कडे नळीतच अडकून बसे. शिवाय प्रत्येक गोळीला वेगळी वाटी बनवून बसवणे हे खर्चिक काम होते. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्र कारखान्यातील जेम्स बर्टन यांनी वाटी काढूनच टाकली. घेर पुरेसा पातळ ठेवला आणि पोकळीचे माप नीट धरले तर नुसत्या वायूच्या दाबाने बूड फाकते, हे त्यांनी दाखवले. आज संग्रहालयांत मिनी बॉल म्हणून जी गोळी पाहायला मिळते ती बहुतेक वेळा बर्टन यांची असते. नाव मात्र मिनिए यांचेच राहिले.

गोळीचे बूड इतके महत्त्वाचे का?

गोळीचे टोक डोळ्यात भरते, पण नेम ठरतो तो बुडावर. नळीच्या तोंडातून सर्वात शेवटी सुटते ते बूड. त्या क्षणी मागचा वायू एका बाजूने जरा आधी निसटला तर गोळी तिरकी होते आणि पुढचा सगळा प्रवास डगमगत करते. टोकावर चरा असला तर फारसे बिघडत नाही. बुडाच्या काठाचा कपचा उडाला असला तर ती गोळी वितळवून पुन्हा ओतलेली बरी. म्हणूनच मिनिए पद्धतीच्या अनेक साच्यांत शिसे टोकाकडून ओतत. साच्याचे दोन अर्धे मिटायचे, खालून शंकूचा खिळा लावायचा आणि वरून रस सोडायचा. ओतण्याच्या जागी जे बोंड उरते ते टोकाला आले तरी चालते.

धातू शुद्ध शिसेच लागे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड झाल्यावरही नखाने ओरखडा पडावा इतके मऊ राहते. त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळले की गोळी कडक होते आणि कडक गोळीचे बूड फाकतच नाही. खिळा थंड असला तर पातळ घेरात रस नीट पोहोचत नाही, सुरकुत्या पडतात. लाखोंच्या संख्येने गोळ्या लागू लागल्यावर सरकारी कारखान्यांनी ओतकामाऐवजी यंत्राने शिसे दाबून गोळ्या घडवायला सुरुवात केली. त्यामागे वेग हे एक कारण होते. दुसरे म्हणजे दाबलेल्या गोळीत हवेचा बुडबुडा राहत नाही.

बुडाचा हा प्रश्न अजून संपलेला नाही. परदेशात छंद म्हणून परवाना घेऊन शिशाच्या गोळ्या ओतणारे नेमबाज आजही त्यावर वाद घालतात. सपाट बूड, पोकळ बूड की काठ तिरकस छाटलेले बेव्हल बूड? बेव्हल बुडाची गोळी साच्यातून पटकन सुटते आणि पितळी काडतुसाच्या तोंडात सहज बसते, म्हणून व्यावसायिक उत्पादकांना ती आवडते. पण वंगण भरायच्या वेळी तीच त्रास देते. वंगणाच्या दाबयंत्रात गोळी उभी ठेवून तिच्या अंगावरच्या खाचांत दाबाने मेण भरतात. सपाट बूड खालच्या दट्ट्यावर चपखल बसते. बेव्हल बुडाच्या तिरकस काठाखाली मात्र फट राहते, मेण त्या फटीतून बुडाखाली झिरपते आणि मग प्रत्येक गोळी हाताने पुसावी लागते. न पुसता वापरली तर मेण थेट दारूला लागते. काही जण त्याच कोनाची वाटी असलेला दट्ट्या बनवून घेतात, काही जण पातळ वंगणात गोळ्या घोळवून मोकळे होतात. आणि बरेच जण सपाट बुडाचा साचा घेऊन वाद मिटवतात. तीक्ष्ण काठाचे सपाट बूड वायू चांगला अडवते, असा त्यांचा दावा असतो.

मग चरबी आणि १८५७ चा संबंध काय?

वंगण दोन कामे करते. ते काजळी मऊ ठेवते, म्हणजे पुढची गोळी अडकत नाही. आणि शिसे नळीला फासले जाण्यापासून वाचवते. खाचांत शिसे चिकटले की रायफल पुन्हा साध्या बंदुकीसारखी वागू लागते. गोळी खाचांना घासून जाणार असेल तर वंगण टाळता येत नाही. अमेरिकेत एक भाग मधमाशीचे मेण आणि तीन भाग चरबी असे मिश्रण गोळीवरच्या खाचांत भरत.

ब्रिटनने १८५३ ची एनफिल्ड रायफल आणली तेव्हा तिच्यासाठी प्रिचेट यांच्या नमुन्याची गोळी निवडली. तत्त्व मिनिए यांचेच, बूड फाकण्याचे. पण या गोळीच्या अंगावर खाचा नव्हत्या. ती गुळगुळीत होती. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच, म्हणजे फरक पाव मिलिमीटरहूनही कमी. मग वंगण लावायचे कुठे? गोळीभोवती गुंडाळलेल्या काडतुसाच्या कागदावर. शिपायाने काडतुसाचे दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून वंगण लावलेल्या कागदासह गोळी आत सरकवायची, अशी ती कवायत होती. गोळीवर खाचा नसणे या एका बारीक फरकामुळे चरबी कागदावर आली आणि कागद शिपायाच्या तोंडापर्यंत.

ती चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा पुरवठा घेताना कुणी केली नव्हती. ज्या साहेबांना ती गोळी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची सवय होती, त्यांना हा प्रश्न पडला नाही. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथे ही कुजबुज सुरू झाली. जानेवारी संपण्याआधीच सरकारने काडतुसे कोरी द्यावीत आणि शिपायांनी आपापले वंगण लावावे, असे ठरवले. पुढे दाताऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायतही आणली. पण अविश्वास तोवर कागदापर्यंत पोहोचला होता. कागदाला चकाकी आहे म्हणजे त्यातच चरबी असणार, असे शिपाई म्हणू लागले. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला आणि १० मे रोजी उठाव झाला. मेरठला त्या दिवशी दिलेली काडतुसे जुन्याच प्रकारची होती, हा तपशील अनेकदा सुटतो. संस्थानांचे विलीनीकरण, भत्ते, धर्मांतराची भीती अशी उठावाची कारणे खोल होती. काडतूस ही ठिणगी.

रणांगणावर काय बदलले?

क्रिमियाच्या युद्धात ५ नोव्हेंबर १८५४ रोजी इंकरमनच्या धुक्यात ब्रिटिश तुकड्यांवर संख्येने कितीतरी मोठे रशियन सैन्य चालून आले. बहुतेक ब्रिटिशांच्या हाती मिनिए रायफल होती, रशियनांच्या हाती प्रामुख्याने जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका. दाटीवाटीने रांगा करून पुढे येण्याची जुनी रीत रशियनांना फार महाग पडली. बाराशे यार्डांवरून ही गोळी एका ओळीत उभ्या पंधरा जणांना पार करते, अशा अफवा तेव्हा सैनिकांत पसरल्या होत्या. तसे काही नव्हते. पण अफवेलाही धाक असतो.

अमेरिकी यादवीत (१८६१-६५) दोन्ही बाजूंकडे हीच गोळी होती. गोळी मोठी, मऊ आणि वेगाने तशी मंद. हाडाला लागली की ती चपटी होई आणि हाडाचा चुरा करी. कपड्यांच्या चिंध्या आणि माती जखमेत ओढून नेई. जंतुसंसर्गाचे ज्ञान नसलेल्या शल्यविशारदांसमोर हात किंवा पाय कापण्यावाचून पर्याय उरत नसे. एकट्या उत्तरेच्या सैन्यात सुमारे ३० हजार अवयवच्छेदन शस्त्रक्रिया झाल्या. गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ रोजी सुमारे साडेबारा हजार दक्षिणी सैनिक एक किलोमीटरहून अधिक मोकळे शेत ओलांडत पुढे गेले; त्यांतले निम्मे मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यात तोफांचाही वाटा मोठा होता. या गोळीने युद्ध पूर्ण पालटले हे जुने मत अलीकडे काही इतिहासकार मान्य करत नाहीत. प्रत्यक्ष लढती बहुधा शंभर-दीडशे यार्डांवरच झाल्या आणि बहुतेक शिपायांना लांबचा नेम शिकवलाच गेला नव्हता, असे ते दाखवून देतात. जखमांबद्दल मात्र कुणाचा वाद नाही.

युद्ध संपल्यावर उरलेल्या रायफली स्वस्तात जगभर विकल्या गेल्या. जपानमध्ये १८६८ च्या बोशिन युद्धात दोन्ही बाजूंच्या तुकड्या त्या चालवत होत्या.

मिनिए यांचे पुढे काय झाले?

ते १८५८ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. नंतर त्यांनी इजिप्तच्या खेदिवाकडे लष्करी प्रशिक्षक म्हणून काम केले आणि अमेरिकेतील रेमिंग्टन शस्त्र कंपनीत व्यवस्थापक म्हणूनही. रेमिंग्टनचे नाव तेव्हा गाजत होते ते मागून भरायच्या रायफलीसाठी. गोळी मागूनच आत घालता आली की ती सुरुवातीपासून घट्ट असली तरी अडत नाही. सैल आत, घट्ट बाहेर हा प्रश्नच उरत नाही. १८६६ मध्ये प्रशियाने मागून भरायच्या बंदुकांनी ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि त्याच वर्षी ब्रिटनने एनफिल्डच्या नळीला मागून दार बसवून तिची स्नायडर केली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला तो या नव्या काळात. ज्या शोधासाठी २० हजार पौंड मोजले गेले, त्याचे सैन्यातील आयुष्य जेमतेम पंधरा-सतरा वर्षांचे ठरले.

मिनिए यांचे निधन १४ डिसेंबर १८७९ रोजी पॅरिसमध्ये झाले. तोवर फ्रेंच पायदळ धातूच्या काडतुसाची ग्रा रायफल वापरत होते.

व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियातील शेतांत अजूनही मिनी बॉल सापडतात, पांढरा थर चढलेल्या. उडवलेली गोळी कोणती आणि भरताना हातातून पडलेली कोणती, हे जाणकार बूड पाहून सांगतात. उडवलेल्या गोळीचा घेर फाकलेला असतो आणि त्यावर नळीच्या खाचांचे ठसे असतात. काही गोळ्यांवर दातांचे खोल व्रण दिसतात. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना सोसताना सैनिकांनी त्या चावल्या, असे पर्यटकांना सांगितले जाते. तपासणीत त्यांतले बरेच व्रण जमीन उकरणाऱ्या डुकरांचे निघाले आहेत.